बाबांचा पाय

कडुनिंबाला मोहर आला की मला बाबांचा पाय आठवतो.

बुलढाण्यात माझ्या खिडकीसमोर एक कडुनिंब आहे. फाल्गुन सरता सरता त्याची पिवळी पानं अंगणभर पडतात, दोन दिवस झाड ओकंबोकं दिसतं, आणि मग एका सकाळी तो बारीक पांढरा मोहर आणि त्याचा कडवट-गोड वास. आमच्या ख्रिस्ती मंडळीत हे दुःखसहनाचे, उपासाचे दिवस असतात. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आलेला असतो. देवळात सावकाश चालीची गीतं सुरू होतात. मी अलीकडे सकाळी प्रार्थना करून तशीच सतरंजीवर गुडघ्यांचे व्यायाम करते, डॉक्टरांनी सांगितलेत. कधी कधी प्रार्थना कुठं संपली आणि व्यायाम कुठं सुरू झाला, ते माझं मलाच कळत नाही. त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. वाटू नये, हे मला माझ्या दहाव्या वर्षी एका चैत्रात कळलं होतं. फार महाग पडलं होतं ते कळणं.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. धाडच्या पलीकडे, कच्च्या रस्त्यानं बैलगाडीला तासभर लागेल अशा एका गावात बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. रविवारी ते उपदेशक. गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडे आमची वस्ती. सात घरं, सातही ख्रिस्ती. एक ठेंगणी शाळा, तीच आमचं देऊळ. ओढ्याच्या काठाला दगडी पायऱ्यांची एक जुनी बारव. वस्ती तिचंच पाणी प्यायची. मेंढपाळ यायचे, शेतावरचे मजूर यायचे. पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. उन्हाळ्यात पाणी खाली जायचं आणि आणखी सहा-सात पायऱ्या उघड्या पडायच्या. त्यांवर शेवाळ असायचं, आणि तिथं बाहेरच्या उन्हातून उतरलं की थंडगार वाटायचं.

ओढ्याच्या पलीकडे गंगारामभाऊंचा मळा होता. वांगी, मिरची, कांद्याचं बी. त्यांची स्वतःची बांधीव विहीर होती, मोटेची. त्यांची मुलगी चंद्री माझ्याच वयाची. ती आमच्या शाळेत यायची, शेवटच्या रांगेत बसायची आणि शाळा सुटली की आम्ही दोघी चिंचेखाली असायचो. गंगारामभाऊ माणूस चांगला. पण रीत होती. मळ्यात आम्हाला तहान लागली तर चंद्रीची माय वरून पाण्याची धार धरायची आणि आम्ही ओंजळीनं प्यायचो. त्यांच्या घराचा उंबरा आम्ही कधी ओलांडला नव्हता. चंद्रीनं आमच्याकडचं पाणी प्यायचं नाही, हेही ठरलेलं होतं. दोघी दहा वर्षांच्या. ते ठरलेलं आम्ही किती पाळणार?

बाबा उंच, काटक. आपल्या शरीराकडे ते एखाद्या मागून आणलेल्या बैलाकडं पाहावं तसं पाहायचे. काम झालं की झालं. दुःखसहनाच्या दिवसांत ते एक वेळ जेवायचे, आणि तेही आईनं दोनदा हाक मारल्यावर. आजूबाजूच्या पाच गावांत दोन-दोन, तीन-तीन ख्रिस्ती घरं होती, तिथं ते पायी जायचे. ताप आला तर म्हणायचे, "अंगाचे लाड करू नयेत. अंग मातीचं आहे." आई काही बोलायची नाही. ती फक्त त्यांच्या पिशवीत भाकरी बांधून द्यायची, आणि ते ती वाटेत कुणाला तरी देऊन यायचे.

त्या वर्षी पळस फुलून गेला होता, हरभरा सोंगून झाला होता. एका संध्याकाळी बाबा खाटेवर बसून उजव्या पायाचा घोटा खाजवत होते. घोट्याच्या वर रुपयाएवढा फोड आला होता. आईनं पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"नारू आहे हो," ती म्हणाली.

आता नारू राहिला नाही, म्हणून सांगते. नारू म्हणजे माणसाच्या अंगात वाढणारा लांब दोऱ्यासारखा जंत. वर्षभर तो आत असतो आणि माणसाला पत्ता नसतो. मग उन्हाळ्याच्या तोंडी पायावर फोड येतो, विस्तव ठेवल्यासारखी आग होते, फोड फुटतो आणि पांढरं तोंड बाहेर येतं. ते एका काडीला गुंडाळायचं. रोज बोटभर, हलक्या हातानं. ओढलं तर तुटतो, आणि तुटला तर आत सडतो. आमच्या वस्तीत दर उन्हाळ्यात दोन-तीन जणांना व्हायचा. लोक हिंग बांधायचे, गूळ बांधायचे आणि कण्हत पडून राहायचे.

बाबा कण्हले नाहीत. उलट मला आठवतं, ते थोडे उजळलेच. शास्त्रातल्या एका प्रेषिताच्या अंगातही एक काटा होता, तो देवानं काढला नाही, असं ते आईला सांगत होते. हे दिवस दुःखसहनाचे, आणि याच दिवसांत हा फोड. त्यांना त्यात खूण दिसली असावी. फोड फुटला, नारूचं तोंड आलं, आईनं ते आगकाडीला गुंडाळलं आणि वर चिंधी बांधली. आग मात्र थांबेना. मग बाबा पहाटे बारवेवर जाऊ लागले.

मी त्यांच्याबरोबर जायची. माझ्या लहानपणातल्या सगळ्यांत सुंदर सकाळी त्याच असतील, आणि हे लिहिताना मला अजूनही कसंतरी होतं. झुंजुमुंजू झालेलं असायचं. पारवे बारवेच्या कोनाड्यांत घुमत असायचे. बाबा चिंधी सोडून पाण्याशी बसायचे, पाय पाण्यात सोडायचे आणि त्यांच्या तोंडून एक लांब श्वास निघायचा. मग हळू आवाजात ते प्रार्थना करायचे. वस्तीतल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचे, गंगारामभाऊंचंही घ्यायचे. आवाज दगडांत फिरून परत यायचा. मी वरच्या पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची. मला वाटायचं, देव असाच कुठंतरी खाली, थंड जागी राहत असणार.

उत्तम शुक्रवारी सकाळी आई दारात आडवी उभी राहिली. तीन कोसांवरच्या एका गावात दोनच घरं होती, आणि बाबांनी तिथं उपासनेला यायचं कबूल केलं होतं. पाय पोटरीपर्यंत सुजला होता.

"आज नका जाऊ," आई म्हणाली.

"आज प्रभू वधस्तंभ घेऊन चालला. मी घरी पाय पसरून बसू?"

आई बाजूला झाली. आयुष्यभर तिला त्या बाजूला होण्याचा राग होता, हे तिनं मला फार पुढं सांगितलं.

दुपार कलली तेव्हा गंगारामभाऊंची गाडी आमच्या अंगणात आली. गाडीत कडब्यावर बाबा आडवे होते. ते उपासना करून परत निघाले होते, आणि वाटेत एका पळसाखाली पडलेले भाऊंना दिसले होते. वहाणेचा पट्टा चिंधीवर घासून काडी निसटली होती, नारू तुटला होता. पाय मांडीपर्यंत लाल झाला होता. अंगात फणफणून ताप.

गंगारामभाऊंनी आणि वस्तीतल्या दोघांनी त्यांना खाटेवर ठेवलं. भाऊ घाम पुसत म्हणाले, "मास्तर, तुमचा देव तुमाले असं काऊन चालवते? माह्या बैलाचा पाय सुजला तं मी त्याले गाडीले नाई जुपत."

बाबांना ऐकू आलं का, माहीत नाही. आईला आलं. ती आत गेली, माझ्या वहीचं पान फाडलं, त्यावर चार ओळी लिहिल्या आणि गंगारामभाऊंना म्हणाली, "भाऊ, बैल दमले नसतील तर मला धाडला न्या. बुलढाण्याच्या शेवटच्या गाडीच्या कंडक्टरजवळ ही चिठ्ठी द्यायची आहे." नवऱ्याला न विचारता तिनं केलेली ती पहिली गोष्ट असेल.

शनिवारी दुपारी सुलोचनाबाई आल्या. बुलढाण्याच्या एका दवाखान्यात नर्स होत्या, आमच्याच मंडळीतल्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, पांढरं पातळ आणि हातात पत्र्याची पेटी. त्या मेहकरकडच्या होत्या, आणि एवढं शिकूनही बोलणं वऱ्हाडीच ठेवलं होतं. त्यांनी पेटी उघडली, पाण्यात सुई उकळायला ठेवली, बाबांचा पाय दाबून पाहिला. मग इंजेक्शन दिलं.

"पाय राहीन," त्या आईला म्हणाल्या. "अजून दोन दिवस गेले असते तं माह्या हातचं नव्हतं."

मग बाबांकडे वळल्या. "आग होत होती तवा काय केलं, मास्तर?"

"बारवेत पाय सोडून बसत होतो. पहाटे." बाबांचा आवाज तापानं खोल गेला होता.

"रोज?"

"रोज."

सुलोचनाबाईंनी मला औषधाची एक रिकामी काचेची बाटली दिली आणि बारवेचं पाणी आणायला सांगितलं. मी धावत जाऊन आणलं. त्यांनी ती बाटली दारातल्या उन्हात धरली आणि बाबांना मान वळवायला लावली. पाणी स्वच्छ दिसत होतं. मग नीट पाहिल्यावर दिसलं. धुळीच्या कणाएवढे ठिपके त्यात टुणटुण उड्या मारत होते.

"हे किडे," त्या म्हणाल्या. "नारूवाला पाय पाण्यात गेला का नारू आपली पिल्लं पाण्यात सोडते. हे किडे ते खातेत. आन आपण हे किडे पितो. वर्षभरानं आपल्या पायाले फोड येते. बस, इतकंच हाये."

बाहेर कोंबडी कॉक-कॉक करत होती.

"मास्तर, हे दुखणं तुमाले देवानं देलं का पाण्यानं, ते मी नाई सांगत. तेवढी माही अक्कल नाई. पण तुम्ही ते कोणाकोणाले देऊन राह्यले, ते मले माहीत हाये."

बाबांच्या चेहऱ्याकडे मी तेव्हा पाहिलं. तसा चेहरा मी पुढं कधी पाहिला नाही, आई गेली तेव्हासुद्धा नाही.

"मी तिथं प्रार्थना करत होतो, बाई," ते म्हणाले. "त्यांच्याचसाठी."

"आयकली असन देवानं," सुलोचनाबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज मऊ झाला होता. "देव आयकतेच. पण पाण्याले तुमची प्रार्थना नाई समजत, मास्तर. त्याले पायच समजते."

आईनं कोमट पाणी आणि पितळी घमेलं आणलं, जमिनीवर बसली आणि बाबांचा पाय हातात घ्यायला गेली. बाबांनी पाय आखडला. "तू नको," ते म्हणाले. पू होता, वास येत होता. बाबांनी कधी कुणाकडून स्वतःचं काही करून घेतलं नव्हतं.

सुलोचनाबाई पेटीत काहीतरी शोधत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "प्रभू पाय धुवाले बसला तवा एक शिष्य असाच नको म्हणला होता. काय सांगतलं मंग त्याले प्रभूनं?"

तो उतारा बाबांनी आम्हा सगळ्या मुलांकडून पाठ करून घेतला होता: मी तुला धुतलं नाही, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि पाय सैल सोडला. आई धूत राहिली. तिच्या हातांचा आवाज आणि घमेल्यात ठिबकणारं पाणी, एवढंच ऐकू येत होतं. भिंतीकडं तोंड केलेले बाबा रडत होते, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा सण, म्हणजे ईस्टर. सातही घरं आमच्या अंगणात जमली, कारण बाबांना उठता येत नव्हतं. खाट निंबाखाली आणली होती आणि वरून मोहर त्यांच्या चादरीवर पडत होता. त्यांनी शास्त्र उघडलं आणि उठलेला प्रभू शिष्यांना भेटतो तो भाग वाचला. खायला काही आहे का, असं तो त्यांना विचारतो, तिथं ते थांबले. लोकांना वाटलं, थकले.

"हे मी कितीदा वाचलं असेल," ते हळूच म्हणाले. "कबर रिकामी होती. म्हणजे शरीर टाकून दिलेलं नव्हतं. जखमांसकट उठवलं. आणि उठल्यावर त्याला भूक लागली. मी तुम्हाला आत्म्याबद्दल फार सांगितलं. शरीराबद्दल कधी सांगितलं नाही. मलाच माहीत नव्हतं."

तेवढाच उपदेश झाला. मग वस्तीतल्या म्हाताऱ्या सगुणाबाईंनी पदराआडून उकडलेलं अंडं काढलं आणि सोलून त्यांच्यापुढं धरलं. बाबांनी सगळ्यांसमोर ते खाल्लं. मुलं हसली. मास्तरांना खाताना त्यांनी पाहिलंच नव्हतं.

पुढचे दीड महिने बाबा खाटेवर होते. सुलोचनाबाई सुरुवातीला दिवसाआड एसटीनं येत, मग आईला मलमपट्टी शिकवून आठवड्यानं येऊ लागल्या. आज मागं वळून पाहते तेव्हा वाटतं, आमच्या घरातले ते सगळ्यांत सुखाचे दिवस. बाबा घरात होते. मी त्यांना वाचून दाखवायची. आई ज्वारीचं पीठ मळताना त्यांच्याशी बोलायची, आणि ते ऐकायचे. पूर्वी ते नेहमी निघण्याच्या घाईत असत. आता पायच नव्हता जायला. एकदा आईनं डोक्याला तेल लावून दिलं तेव्हा त्यांना झोप लागली, भरदुपारी. आई माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवून हसली.

काठीच्या आधारानं उभं राहता येऊ लागलं त्या पहिल्या सकाळी ते बारवेवर गेले. सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. खाली उतरले नाहीत. पाणी भरायची वेळ होती. वस्तीतल्या बाया, दोन मेंढपाळ, मजूर. बाबांनी सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं. किडे सांगितले, पाय सांगितला, पहाटेचं बसणं सांगितलं. "पुढच्या उन्हाळ्यात ज्याला नारू होईल, त्यानं समजावं, तो माझ्या पायातून आला असू शकतो," असं म्हणाले.

एक मेंढपाळ हसला. सगुणाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या मास्तर, पाण्याले काय होते." वस्तीतला एकजण मात्र घागर रिकामी करून निघून गेला, आणि पावसाळा संपेपर्यंत उपासनेला आला नाही.

त्याच दुपारी आईनं पेटीतून तिचं लग्नातलं पांढरं लुगडं काढलं. सुती होतं, घट्ट विणीचं. तिनं त्याचे हातभराचे तुकडे फाडले आणि सातही घरी दिले. घागरीच्या तोंडावर दुपदरी फडकं बांधायचं, त्यातून पाणी गाळूनच प्यायचं. संध्याकाळी बाबा काठी टेकत घराघरांत जाऊन फडकी पाहायचे. रविवारी दानाआधी विचारायचे, कुणाचं फडकं फाटलं आहे?

पण हे सगळं माझ्यासाठी निराळंच चाललं होतं. कारण एक गोष्ट फक्त मला माहीत होती.

त्या चैत्रात, बाबा पहाटे पाय बुडवत होते त्याच दिवसांत, शाळा सुटल्यावर चंद्री आणि मी चिंचा पाडायचो. चिंचा खाऊन घसा कोरडा पडायचा. मळा लांब, बारव जवळ. मी खाली उतरून ओंजळ भरून आणायची आणि चंद्री इकडेतिकडे पाहून माझ्या ओंजळीतून प्यायची. एकदा नाही, कितीतरी वेळा. प्यायली की ओठ पुसून म्हणायची, "कोणाले सांगजो नको वं." मी सांगितलं नाही.

सुलोचनाबाईंनी बाटली उन्हात धरली तेव्हा मी दारातच उभी होते. वर्षभरानं फोड येते, हे मी ऐकलं होतं. त्यानंतरचं सगळं वर्ष मी चंद्रीच्या पायांकडे पाहत काढलं. पावसाळ्यात ती चिखलात नाचली, मी तिचे घोटे पाहिले. दिवाळीत तिनं नवा परकर घातला, मी तो वाऱ्यानं उडायची वाट पाहिली. नाताळात आईनं केलेल्या करंज्या तिला नेऊन दिल्या तेव्हा ती ओट्यावर पाय हलवत बसली होती, आणि मी मनात म्हणत होते, प्रभू, हिला नको. मला दे. मी पण तेच पाणी प्यायले ना?

मला झाला नाही. पुढच्या फाल्गुनात, हरभऱ्याची सोंगणी चालली असताना, चंद्री शाळेत लंगडत आली. परकर वर करून म्हणाली, "पाह्य वं, काय चावलं." पोटरीवर फोड होता.

मी शाळेतून निघून घरी आले आणि ज्वारीच्या कणगीमागे बसून राहिले. बाबांनी मला तिथं शोधलं. त्यांना सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की ते आता कधीच माझ्याशी बोलणार नाहीत. बाबा माझ्यासमोर जमिनीवर बसले, तो पाय जरा जपून बाजूला पसरत.

"तहानलेल्याला तू पाणी दिलंस," ते म्हणाले. "ते पाप नाही, करुणा. ते कधीच पाप नसतं. पाणी मी घाण केलं होतं."

मग माझा हात धरून ते मला ओढ्यापलीकडे घेऊन गेले. गंगारामभाऊ ओट्यावर दोरी वळत होते. बाबा अंगणात उभे राहिले आणि सगळं सांगितलं. पाणी पोरींनी चोरून प्यायलं, हे सांगितलं, आणि आपल्या पायाचंही. चंद्रीची माय दारात आली होती. तिनं कपाळावर हात मारला आणि मोठ्यानं रडू लागली. पाण्याच्या विटाळाचं रडत होती की नारूचं, तिलाही सांगता आलं नसतं.

गंगारामभाऊंचे हात थांबले होते. "बारवेत शंभर पाय पडतेत," ते शेवटी म्हणाले. "तुमच्याच पायातून आला, हे कायनं ठरवलं?"

"शंभरातला एक माझा होता."

भाऊंनी दोरी पुन्हा वळायला घेतली. "जा तुम्ही, मास्तर," ते म्हणाले. "आता जा."

आम्ही आलो. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गंगारामभाऊ आमच्या अंगणात उभे. डोळे तारवटलेले. "पोरगी रडून राह्यली. पाय पाण्यात घालू द्या म्हणते, आयकत नाई. फोड फुटला." थोडं थांबून म्हणाले, "तुमाले माहीत हाये नं, काय करा लागते ते?"

त्या दिवसापासून बाबा रोज शाळेआधी मळ्यात जात. आईनं उकळून दिलेलं पाणी, लुगड्याचा स्वच्छ तुकडा आणि आगकाडी. ते अंगणातल्या ओट्याखाली बसत, चंद्री ओट्यावर पाय सोडून. पाय पाण्याच्या बादलीत, आणि ते पाणी नंतर बारवेपासून, विहिरीपासून लांब, तापल्या रेतीत ओतायचं. मग नारूचं टोक काडीला एक वळसा. कधी अर्धाच. नारू अडला की बाबा थांबत. ओढायचं नाही. त्या माणसाला मी आयुष्यभर घाईत पाहिलं होतं. आता बोटभर दोऱ्यासाठी ते अर्धा अर्धा तास श्वास धरून बसत.

मी चंद्रीच्या शेजारी बसून तिचा हात धरायची. पहिल्या दिवशी मी रडत होते. तिनंच विचारलं, "तू काऊन रडून राह्यली वं? फोड मले हाये."

"मी पाणी दिलं म्हणून."

तिनं विचार केला. "मी मांगतलं होतं म्हणून देलं," ती म्हणाली. मग बाबांनी वळसा दिला तशी तिनं माझा हात इतका दाबला की बोटं पांढरी झाली.

चौथ्या दिवशी सुलोचनाबाई येऊन पाहून गेल्या. बाबांचा हात पाहिला, काडी पाहिली, आणि म्हणाल्या, "मास्तर, तुमाले नर्स कराले पाह्यजे होतं." बाबा लाजले. माझे बाबा लाजलेले मी तेव्हा पाहिले.

एकोणीस दिवस लागले. गंगारामभाऊ सुरुवातीला लांब, मोटेपाशी उभे असत. मग जवळ येऊ लागले. मग बादली ते स्वतःच धरू लागले. चंद्रीची माय मात्र दारातून हलत नसे आणि बाबांशी बोलत नसे.

एकोणिसाव्या सकाळी शेवटचा वळसा देताना दोरा एकदम सैल झाला. बाबांनी काडी उचलली. अख्खा होता, तुटला नव्हता. लांबच लांब, दोन हात तरी. बाबांनी तो चुलीतल्या निखाऱ्यावर टाकायला गंगारामभाऊंच्या हातात दिला, जखम पुसली, फडकं बांधलं आणि उठायला गेले. उठवेना. त्यांच्या स्वतःच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. ते तसेच ओट्याला टेकून बसले. चेहरा घामानं भिजला होता.

चंद्रीची माय आत गेली. आम्हाला वाटलं, काम झालं म्हणून ती निघून गेली. मग आतून तिचा आवाज आला, "मास्तर."

बाबांनी वर पाहिलं.

"सकाळपासून काई खाल्लं नसन तुम्ही. अंदर या. जेवूनच जा."

गंगारामभाऊंनी बायकोकडे पाहिलं. मग बाबांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं, आणि दोघं मिळून उंबऱ्यातून आत गेले. मी आणि चंद्री मागून. आत चुलीचा धूर होता, शेणानं सारवलेली जमीन थंड होती. पाट मांडलेला होता. पितळी ताटात ज्वारीच्या दोन गरम भाकरी, वांग्याची भाजी, कांदा, आणि कडेला मिरचीचा ठेचा. गंगारामभाऊ शेजारी, त्याच ओळीत बसले.

बाबांनी डोळे मिटून आशीर्वाद मागितला. मग ते जेवू लागले. वर न बघता, सावकाश नाही, भूक लागलेला माणूस जेवतो तसे. दोन्ही भाकरी संपल्या. चंद्रीची माय तव्यावरून तिसरी उतरवून पदरानं धरून उभी होती.

"देऊ का अजून?" तिनं विचारलं.

"हो," बाबा म्हणाले. "द्या."